आंबेसरीचा ठिपका

"आमचं गाव चाळीस आहे," प्रल्हादराव शेडगे म्हणाले, आणि काळोख्यांच्या बैठकीतले सगळे चेहरे एकदम सैल झाले.

२०४७ साली लग्न ठरवताना पत्रिका नंतर निघायची, आधी गावाची ओळ निघायची. मुलगा काय शिकलाय, पितो की नाही, थोरल्या भावाचं आणि त्याचं पटतं का, हे सगळं पुढचं. गावाला किती? दहाच्या आतलं गाव असेल तर चहासुद्धा लवकर आटोपत असे. चाळीस ही कमाल. गावाखालचं पाणी अजून चाळीस वर्षं तरी पुरणार, असं सरकारच लिहून देत होतं. शहरांनी बाहेरच्या माणसांना नळजोड देणं बंद केल्यापासून प्रत्येकाचं पाणीकार्ड त्याच्या गावाला बांधलेलं होतं, आणि लग्न झालं की बाईचं कार्ड नवऱ्याच्या गावी जायचं. म्हणजे मुलगी नुसती घरात द्यायची नव्हती, जमिनीखालच्या पाण्यात द्यायची होती.

काळोख्यांना या ओळीचं कौतुक जरा जास्तच होतं, कारण ही ओळ ज्या सरकारी तक्त्यातून निघायची, तो तक्ता त्यांच्या थोरल्या लेकीनं केला होता. हेमांगी पुण्यातल्या राज्य जलभाकीत केंद्रात नोकरीला होती. धाकटी शर्वरी फिजिओथेरपिस्ट, आणि आज तिला पाहायला मंडळी आली होती. दोन वर्षांपूर्वी शर्वरीला तिच्याबरोबर शिकणारा निरंजन आवडला होता. मुलगा चांगला, माणसं चांगली, गाव सात. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, विषय हेमांगीवर ढकलला. हेमांगीनं लॅपटॉप उघडून बहिणीसमोर ती ओळ धरली आणि म्हणाली, "सात म्हणजे सात. यात मी काय करू?" शर्वरी महिनाभर तिच्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली, घरात असतं तसंच.

आता शेडग्यांचा रणधीर समोर बसला होता, उंच, कमी बोलणारा, बशीतला एकेक शेंगदाणा वेचून खाणारा. आप्पांनी हेमांगीकडे पाहिलं. तिनं फोनवर ओळ काढली. आंबेसरी, चाळीस.

"बरोबर आहे," ती म्हणाली. लग्न ठरलं.

हा तक्ता म्हणजे काय होता ते सांगायला हवं, कारण लाखो माणसं त्याच्यावर जगत होती आणि तो कसा होतो हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं.

आकाशात दोन उपग्रह एकामागून एक फिरत होते. जमिनीखाली पाणी असलं की तिथं वजन असतं, आणि वजन असलं की ओढ असते. पुढचा उपग्रह अशा जागेवर आला की किंचित ओढला जायचा, दोघांतलं अंतर केसभर वाढायचं, आणि त्या केसभर फरकावरून खाली पाणी किती ते काढता यायचं. त्याला मातीचा ओलावा पाहणाऱ्या रडारची जोड मिळाली आणि सगळ्या राज्यावर एकेक किलोमीटरच्या चौकटींची जाळी अंथरली गेली. प्रत्येक चौकटीत पुढच्या चाळीस वर्षांचे आकडे, एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारखे. संगणकावर तो एक रंगीत नकाशा दिसायचा, कुठं निळा, कुठं तांबडा. पाहायला छान. मंत्र्यांनी पाहिला, छान म्हणाले, आणि विचारलं की याचं करायचं काय.

नकाशावर कुणाला काही करता येत नाही. तांबड्या डागात कोण राहतं हे डाग सांगत नाही. तेव्हा हेमांगीनं तयार आज्ञांचा एक संच घेतला. प्रोग्रॅमर मंडळी त्याला लायब्ररी म्हणतात. इतर कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं काम, आपण फक्त नाव घेऊन हाक मारायची. एका ओळीच्या आज्ञेत ती जाळी उलगडली आणि प्रत्येक चौकट तक्त्यातली एक ओळ झाली. अक्षांश, रेखांश, किती वर्षं पाणी. मग तिनं गावांची यादी घेतली, ज्या गावाचा ठिपका ज्या चौकटीत पडतो त्या चौकटीपुढे ते नाव लिहिलं, आणि शेवटी तक्ता आकड्यांप्रमाणे उतरता लावला. इथं खरी गोष्ट झाली. नकाशाला वरचा-खालचा नंबर नसतो. तक्त्यात कुणीतरी पहिलं असतं आणि कुणीतरी शेवटचं असतंच.

मग नियम करायला कितीसा वेळ लागतो? पंधराच्या वरची गावं स्वयंपूर्ण. त्यांना कर्ज, शाळा, एसटी सगळं मिळेल, टँकर मिळणार नाही, कारण गरजच नाही. सहा ते पंधरा, टँकर. पाच आणि खाली, निवृत्त. गावाला निवृत्त करतात हा शब्द ज्यानं शोधला त्याला मी एकदा समोर बसवून विचारणार आहे. निवृत्त गावाची वीज वर्षभरात तोडायची आणि माणसं सरकारी वसाहतीत, क्वार्टर्समध्ये न्यायची.

हेमांगीला या नियमांचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण नियम तिनं केले नव्हते. तिनं तक्ता केला होता आणि तक्ता बरोबर होता.

लग्नानंतर पाचव्या महिन्यात शर्वरीचा फोन आला.

"ताई, इथं पाणी नाही."

"म्हणजे आज आलं नाही?"

"आज नाही, काल नाही, कधीच नाही. पलीकडच्या गावाच्या विहिरीवरून आणतो. त्यांचं भरून झालं की आम्हाला सोडतात, तोवर उन्हात उभं राहायचं आणि बोलणी खायची. मी आता मोपेड चालवत नाही, पोटात बाळ आहे. कॅन डोक्यावर आणते."

"शरू, असं कसं होईल? चाळीस आहे तुमचं गाव."

बहीण सांगते आहे की पाणी नाही, आणि ही तिला आकडा सांगते आहे. मला वाटतं शर्वरीनं त्याच क्षणी काहीतरी मनाशी धरलं असावं.

"तहसीलदारही हेच म्हणतो," ती म्हणाली. "तू ये एकदा."

हेमांगी गेली. सांगोल्याच्या पुढे, मुरमाड माळावर, सरळ गल्ल्यांचं गाव. जुन्या गावांसारखी वळणं नाहीत, सरकारी आखणीचे चौकोनी प्लॉट, लिंबाची चार झाडं, एक देऊळ. गावाच्या वेशीवर पाटी, 'जलस्वयंपूर्ण आंबेसरी'. पाटीखाली रिकाम्या कॅनची ओळ लागली होती.

शर्वरी दारात उभी होती. काळवंडली होती, आणि टाळूवर चुंबळीनं केस झडले होते. सासू, शालनबाई, पेलाभर पाणी घेऊन आली आणि तिनं तो इतक्या जपून पुढं केला की हेमांगीला तो रिकामा करायची लाज वाटली. रणधीर भिंतीला टेकून बसला. त्याचे वडील प्रल्हादराव, ज्यांना गावात सगळे आबा म्हणत, खाटेवर बसले होते.

"आबा, माझ्याकडे तुमच्या गावाखाली भरपूर पाणी दिसतंय," हेमांगी म्हणाली.

"खाली न्हाई, वर हाय," आबा म्हणाले. "आमचं खरं गाव धरणात हाय, ताई. हितनं लांब, घाटाकडं. मी सहा वर्साचा होतो. माझ्या बापानं देव डोक्यावर घेतला आन् आमी ट्रकात बसलो. ह्या माळावर आणून सोडलं. नाव तेवढं संगं आणलं."

हेमांगीला समजायला वेळ लागला नाही. तिच्या डोळ्यांसमोर ती यादीच आली. यादीत आंबेसरी दोनदा असणार. एक जुनी, अक्षांश-रेखांशासकट, शेरा 'बुडीत'. दुसरी नवी, दुसऱ्याच गावाच्या रानातून कापून काढलेली आणि कधी नीट मोजणी न झालेली, म्हणून अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे. रिकाम्या रकान्यांच्या ओळी गाळून टाक, ही आज्ञा तिनंच लायब्ररीला दिली होती. सगळेच देतात, त्याशिवाय काम पुढं सरकत नाही. नवी आंबेसरी गळली. जुनी राहिली, धरणाच्या मधोमध, जिथं पाणी कधी आटणारच नाही; ते जमिनीवर आहे की जमिनीखाली, हे उपग्रहाला कळत नाही. शेऱ्याचा रकाना कोण वाचतो? आणि तक्त्याऐवजी एकदा नकाशा उघडून पाहिला असता तर पाण्यात पडलेला ठिपका शाळकरी पोरालाही दिसला असता. पण तक्ता झाल्यापासून नकाशा कुणीच उघडला नव्हता.

"हे चाळीस चुकीचं आहे, हे तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हितल्या लेकराला बी म्हाइत हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून?" आबा म्हणाले. "चाळीस आलं तवा गावात पेढे वाटले. कर्ज मिळालं, एसटी आली, शाळंला मास्तर आला. तीन वर्सांत गावात अकरा सुना आल्या. त्याआधी एक न्हाई. पोरं तिशी उलटून बसलेली."

शर्वरी चुलीपाशी उभी होती. ती हळूच नवऱ्याकडे वळली.

"तुलाही माहीत होतं?"

रणधीरनं मान वर केली नाही. "खरं सांगितलं असतं तर लग्न ठरलं नसतं," तो म्हणाला.

हे खरंच होतं. शर्वरीनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

हेमांगी अंगणात गेली. फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश घेतले आणि तिथंच उभ्याउभ्या केंद्राच्या जाळीतून ती चौकट काढली. तीन. पुन्हा काढली. तीनच.

आत येऊन तिनं सांगितलं तेव्हा शालनबाईंना कळलं नाही, पण आबांना कळलं.

"तीन म्हंजे उठवत्यात," ते म्हणाले. "क्वार्टर्सात."

"हो."

"मागं पाणी साठवायचं म्हणून उठवलं. आता पाणी न्हाई म्हणून उठवणार." ते चिडून बोलत नव्हते, हिशेब जुळतो का ते पाहावं तसं बोलत होते. "ह्याच्या मधलं काय न्हाई का तुमच्यात?"

"आहे," शर्वरी म्हणाली. ती आता पुढं येऊन बहिणीच्या फोनमध्ये पाहत होती. तिला नकाशा वाचता येत होता. "ताई, ही पूर्वेची चौकट बघ. कालव्याजवळची. अकरा."

"तिथं गाव नाही, शरू. रान आहे."

"ठिपका दोन चौकटी सरकव. अकरा झालं की टँकर येईल. निवृत्त नाही, स्वयंपूर्ण नाही. कोण बघायला येणार आहे? धरणात पडलेला ठिपका तीन वर्षं कुणाला दिसला नाही."

"असं नाही करता येत."

"का?"

"टँकर मोजके आहेत. एक गाव वर सरकवलं की खालचं एक बाहेर पडतं. तिथंही माणसंच आहेत."

हे कारण चांगलं होतं, आणि ते खरंही होतं. पण हेमांगीला मी जेवढी ओळखते त्यावरून सांगते, ते कारण तिला बोलता बोलता सुचलं. मुळात तिला ते सहन झालं नसतं. स्वतःच्या तक्त्यात स्वतःच्या हातानं खोटा ठिपका! पायात काटा राहावा तसा तो तिला जन्मभर सलला असता.

"मी सात नाकारलं," शर्वरी म्हणाली. "तुझ्या शब्दावर. आणि तुझ्याच शब्दावर तीन पदरात घेतलं. मी तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही. दोन चौकटी."

"शरू, समजून घे. तू पुण्याला चल बाळंतपणाला. मी बघते सगळं."

"पुण्याला मला पाणी कोण देईल? माझं कार्ड इथं आहे." तिनं फोन बहिणीच्या हातात परत दिला. "बरं, ठिपका सरकवू नकोस. पण मग हातही लावू नकोस. चाळीस राहू दे. मी आणीन पाणी. दाराला दार आहे, माणसं आहेत, शाळा आहे. चालेल मला."

"बघते," हेमांगी म्हणाली.

आपल्याकडे 'बघते' म्हणणाऱ्या माणसानं बहुतेक वेळा ठरवलेलं असतं. निघताना शालनबाईंनी तिच्या पिशवीत मूठभर हुलगे घातले आणि म्हणाल्या, "ताई, तुमी हाईसा म्हणून धीर हाय."

पुण्यात आल्यावर हेमांगीनं पहिल्यांदा नकाशा उघडला आणि त्यावर सगळ्या गावांचे ठिपके टाकले. राज्यातल्या प्रत्येक धरणाच्या निळ्या पाण्यात ठिपके होते. दोनशे चौदा गावं. सगळी चाळीस, सगळी स्वयंपूर्ण, आणि सगळ्यांचे खरे लोक कुठल्यातरी माळावर कॅन घेऊन रांगेत उभे. तिला भडभडून आलं. तिनं ठरवलं की हे सरळ मार्गानंच नीट करायचं. गावोगावच्या ग्रामसेवकांकडून नव्या जागा मागवल्या, तक्ता दुरुस्त केला आणि सोबत एक लांबलचक टिपण लिहिलं. धरणासाठी एकदा उठलेल्या गावाला निवृत्तीचा नियम लावू नये, त्याला आकडा काहीही असो, टँकर द्यावा. टिपण मनापासून लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आहे, दगडालाही पाझर फुटला असता.

संचालक डॉ. रेगे यांनी ते अर्ध्या तासात वाचलं. ते नकार देतील, चूक दडपायला सांगतील, अशी हेमांगीची खात्री होती आणि त्यासाठी ती भांडायच्या तयारीनं गेली होती.

"उत्तम काम," रेगे म्हणाले. "तक्ता आजच चढवा."

"आणि टिपण, सर?"

"वर पाठवतो. नक्की पाठवतो."

"टिपणावर निर्णय होईपर्यंत तक्ता थांबवला तर? नाहीतर ती गावं सरळ निवृत्त होतील."

रेग्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "हेमांगी, चूक माहीत झाल्यावर ती ठेवायची कशी? उद्या कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? टिपण हे तुमचं मत आहे. तक्ता हे मत नाही. हे मला तुम्हीच सांगत आलात इतकी वर्षं."

ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली. तिला थांबता आलं असतं. आजारी पडता आलं असतं, सर्व्हर बंद आहे म्हणता आलं असतं, फाइल चुकून पुसता आली असती. सरकारी कचेऱ्यांत याहून मोठ्या गोष्टी याहून किरकोळ कारणांनी अडतात. तिनं आकडे पुन्हा एकदा तपासले, सगळे बरोबर होते, आणि तिनं तक्ता चढवला. कुणी तिचा हात धरून बटण दाबलं नाही. आणि बटण दाबल्यावर क्षणभर तिला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

दोनशे चौदांपैकी एकशे एकतीस गावं निवृत्त झाली. शर्वरीचा फोन आला.

"केलंस?"

"शरू, ऐक, मी टिपण पाठवलंय, त्याच्यात स्पष्ट लिहिलंय की..."

फोन बंद झाला. टिपण दीड महिन्यानं परत आलं. त्यावर 'नोंद घेतली' एवढंच लिहिलं होतं.

आंबेसरीची एसटी आधी थांबली, मग शाळा, मग वीज. नियमात वर्षभर म्हटलं होतं, पण शेजारच्या गावानं विहिरीला कुलूप घातलं. निवृत्त गावाच्या लोकांना पाणी देणं आता त्यांच्याही अंगाशी आलं असतं. माणसं आपण होऊन ट्रकांत चढली. शर्वरी आठव्या महिन्यात होती. हेमांगीनं गाडी पाठवली होती, ती रिकामी परत आली. आई-आप्पा क्वार्टर्सला जाऊन बाळाला पाहून आले. मुलगी झाली होती. हेमांगीला बरोबर आणू नका, असा आधीच निरोप होता. परतल्यावर आप्पांनी तिथलं काही सांगितलं नाही, आईलाही सांगू दिलं नाही. त्यांनी गावांचा तक्ता फोनवरून काढून टाकला, जणू तेवढ्यानं काही होणार होतं.

हेमांगी तरीही गेली. बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा, न कळवता.

क्वार्टर्स हायवेच्या कडेला होती. पत्र्याच्या लांब चाळी, प्रत्येक चाळीला इंग्रजी अक्षर आणि प्रत्येक दाराला आकडा, कुठल्याही गावाचं नाव कुठंही नाही. वेगवेगळ्या धरणांखालची माणसं एकाच चाळीत मिसळून टाकली होती. पाण्याची वेळ होती आणि बायका नळापाशी भांडत होत्या. महिन्याभरापूर्वी याच बायकांनी पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्याला चपलांनी मारलं होतं, हे हेमांगीला ठाऊक होतं. गळ्यातलं ओळखपत्र तिनं सवयीनं घातलं होतं. ते काढायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

शर्वरी दारात बसली होती, बाळ खांद्यावर. तिनं हेमांगीला लांबूनच पाहिलं आणि उठली नाही. हेमांगी जवळ आली. तिला त्या बाळाला घ्यायचं होतं, एवढंच. दुसरं काही बोलायचं तिनं ठरवलंही नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या दारातून एक दांडगी बाई बाहेर आली. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या. त्यांचे डोळे ओळखपत्रावर होते.

"ही कोण गं?" शेजारणीनं विचारलं. "तुझ्यावाणी दिसती."

शर्वरीनं बहिणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिनं हेमांगीला वाचवलं की टाकलं, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित तिलाही येणार नाही.

"सरकारी बाई आहेत," ती म्हणाली. "घरातली माणसं मोजायला आल्यात."

बायका थांबल्या. मोजायला येणाऱ्यांवरच पाण्याचं ठरत होतं, त्यांना मारून चालत नव्हतं. सगळ्या हेमांगीकडे पाहू लागल्या. तिनं पर्समधून फोन काढला.

"तुमच्याकडे किती माणसं?" तिनं विचारलं.

"चार."

हेमांगीनं मनातल्या मनात मोजलं. शर्वरी, रणधीर, शालनबाई, आबा, बाळ. "पाच ना?"

"चार लिहा, मॅडम. सासरे इथं आल्यावर आठच दिवसांत गेले."

हेमांगीनं चार लिहिलं. बाळानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याची हनुवटी आप्पांसारखी होती.

"बसा की बाई, च्या घ्या घोटभर," मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली.

"त्यांना पुढची घरं आहेत," शर्वरी म्हणाली, आणि बाळाला घेऊन आत गेली.

बायका अजून पाहत उभ्या होत्या. हेमांगी पुढच्या दाराशी गेली, आणि तिथंही विचारलं, घरात माणसं किती.